जुने पैसे सांभाळताना आधी धातू ओळखा

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर पैसे झाले. १९५७ ते १९६३ च्या नाण्यांवर 'नये पैसे' असतं, पुढे 'नये' गेलं. संग्रह किमतीनुसार लावायचा मोह होतो, पण नाण्याची निगा धातूवर ठरते. म्हणून धातूनुसार वेगळं करा.

सुरुवातीचा एक नया पैसा ब्राँझचा, चौकोनी पाच आणि कंगोऱ्यांचे दहा पैसे तांबे-निकेलचे, चार आणे-आठ आणे शुद्ध निकेलचे. साठच्या दशकाच्या मध्यापासून चिल्लर ॲल्युमिनियमची झाली. पंचवीस-पन्नास पैशांबद्दल शंका आली तर लहान चुंबक जवळ न्या: निकेल चिकटतं, सत्तरच्या दशकातलं तांबे-निकेल चिकटत नाही. १९८८ पासूनचं गेंड्याचं स्टीलचं नाणंही चिकटतं, पण ते चित्रावरूनच कळतं.

टांकसाळीची खूण सालाखाली, दहापट भिंगातून बघा. काहीच नसेल तर कोलकाता, साधा हिरा मुंबईचा, गोल टिंब नोएडाचं. हैदराबादचा हिरा मात्र मधोमध चिरलेला किंवा पोटात टिंब असलेला. नंतर चांदणी आली. झिजलेल्या नाण्यात हिरा आणि टिंब सहज एक वाटतात, उजेड तिरका पाडा.

चिंच, लिंबू, पितांबरी यांतलं काही लावू नका. ब्राँझवरचा तपकिरी थर गेला की नाणं गुलाबी, उघडं पडतं आणि जाणकार ते लगेच ओळखतो. ॲल्युमिनियमला तर सोडा आणि भांड्यांचा साबणही खातो. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर ठेवा, न घासता सुती कापडाने टिपा. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातून आलेला हिरवट चिकटपणा शुद्ध ॲसिटोनमध्ये जातो: काचेची वाटी, उघडी खिडकी, जवळ ज्योत नको, पाच मिनिटं, मग ताज्या ॲसिटोनमध्ये एकदा विसळणं. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यातलं तेल आणि सुगंध नाण्यावर राहतो.

ठेवायला मायलरची (पातळ पारदर्शक प्लॅस्टिकची) खिडकी असलेलं पुठ्ठ्याचं कार्ड उत्तम. चौकोनी पाच पैशांसाठी माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत घ्या, नाहीतर टोकं मायलर फाडतात. स्टेपलच्या पिना पकडीने सपाट दाबा. उभी राहिलेली पिन शेजारच्या कार्डातल्या नाण्यावर ओरखडा काढते. डब्यात सिलिका जेल ठेवा. पावसाळ्यात ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि खालचा खड्डा कायमचा राहतो. कार्डांच्या गठ्ठ्याला रबर बँड नको, त्यातल्या गंधकाने ब्राँझ काळवंडतं.