निमंत्रण, क्वालिफायर आणि बक्षिसाचे पैसे: स्ट्रॅटेजी गेमच्या स्पर्धांत उतरताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात एज ऑफ एम्पायर्स, डोटा २, क्लॅश रॉयल मन लावून खेळणारी पोरं भरपूर आहेत. त्यांच्यातले काही खरोखर चांगले खेळतात, तरीही मोठ्या स्पर्धेच्या दारातून परत फिरतात. कारण बहुतेक वेळा खेळात नसतं. रूलबुक, म्हणजे स्पर्धेची नियमावली, वाचलेलं नसतं, वेळ चुकलेली असते, नाव जुळत नसतं किंवा बँक खातं चालत नसतं. या सगळ्या गोष्टी आधी नीट करता येतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

निमंत्रण कुणाला आणि कशावर

पहिला गैरसमज असा, की चांगलं खेळत राहिलं की कुणीतरी आपणहून बोलावेल. थेट निमंत्रणं मोजकी असतात आणि ती आधीच्या मोठ्या स्पर्धांतल्या निकालांवर दिली जातात. डोटा २ ची सर्वात मोठी स्पर्धा म्हणजे द इंटरनॅशनल. तिच्यात २०२५ मध्ये १६ संघ होते. त्यातले ८ थेट निमंत्रणावर आले आणि ८ क्वालिफायरमधून, म्हणजे पात्रता फेऱ्यांतून. नव्या खेळाडूचा रस्ता दुसराच: आधी कुणालाही नाव देता येतं तो ओपन क्वालिफायर, त्यातून निवडलेल्यांचाच क्लोज्ड क्वालिफायर, मग मुख्य स्पर्धा. भुजसारख्या गावातला तीर्थ मेहता प्रादेशिक पात्रता फेरीतूनच पुढे गेला आणि २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये हार्थस्टोन या पत्त्यांच्या डिजिटल खेळात त्यानं कांस्यपदक मिळवलं. तेव्हा ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक प्रकार होता, त्यामुळे ते पदक तक्त्यात धरलं गेलं नाही.

नाव नोंदवण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे प्रदेश. डोटा २ मध्ये भारतातले संघ दक्षिण-पूर्व आशियाच्या क्वालिफायरमध्ये खेळतात. तिथे फिलिपिन्स, इंडोनेशिया, मलेशियाचे तगडे संघ असतात, म्हणून पहिल्याच फेरीत कोण समोर येऊ शकतं याचा अंदाज घेऊनच सराव ठरवा. चुकीच्या प्रदेशात नाव टाकलं तर स्पर्धा चालवणारे ॲडमिन ते काढून टाकतात, आणि तोवर बरोबर प्रदेशाची मुदत संपलेली असते.

दुसरी गोष्ट रेटिंग. एज ऑफ एम्पायर्ससारख्या खेळांत बऱ्याच स्पर्धा लॅडरच्या, म्हणजे खेळातल्या क्रमवारीच्या, रेटिंगवर प्रवेश किंवा सीडिंग (कोण कुणाशी आधी भिडणार हे ठरवणारं मानांकन) ठरवतात. कोणतं रेटिंग धरणार, आजवरचं सर्वोच्च की ठराविक तारखेचं, हे रूलबुकमध्ये लिहिलेलं असतं. तारखेचं असेल तर आदल्या रात्री थकलेल्या अवस्थेत पाच सामने खेळून रेटिंग घालवू नका. किमान किती सामने हवेत तेही बघा. दुसऱ्या खात्यावरून सराव करत असाल तर ते खातं नोंदणीतच जाहीर करा. लपवलेलं खातं उघड झालं की बंदी येते, आणि अशी बातमी एका स्पर्धेतून दुसऱ्या स्पर्धेत लवकर पोचते.

तिसरी गोष्ट संघाची. निमंत्रण किंवा मिळवलेली जागा संघटनेची आहे की खेळाडूंची? पाचपैकी किती जण बदलले तर जागा जाते? रोस्टर लॉकची, म्हणजे संघाची यादी पक्की होण्याची, तारीख उलटल्यावर एखाद्याची व्हीटीयूची (विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाची) परीक्षा आली म्हणून बदली खेळाडू घालता येत नाही. बदलीचं नाव सुरुवातीलाच भरून ठेवावं.

आणि निमंत्रण आलंच, तर त्याच दिवशी उत्तर द्या. मुदतीत होकार गेला नाही तर जागा राखीव यादीतल्या पुढच्याला जाते. नोंदणीसाठी दिलेला ईमेल रोज उघडा, स्पॅमचा फोल्डरसुद्धा.

वेळ वाचताना होणारी गफलत

क्वालिफायर हातचे जाण्याचं हे एक साधं आणि फार वाईट कारण आहे. भारताची वेळ जीएमटीच्या साडेपाच तास पुढे. रविवारी २०:०० जीएमटी लिहिलं असेल तर आपल्याकडे सोमवार पहाटेचा दीड वाजलेला असतो. रविवारी पहाटे दीडला बसायचं आहे असं समजून पोरं शनिवारी रात्री जागतात.

त्यात युरोप वर्षातून दोनदा घड्याळ हलवतो, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मध्य युरोपातले संध्याकाळचे सहा म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. स्पर्धा ऑक्टोबरअखेरीस सुरू होऊन नोव्हेंबरात संपत असेल तर दुसऱ्या आठवड्यात तुमची वेळ एका तासानं पुढे सरकते. अमेरिका वेगळ्या तारखांना हलवते, मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर ॲडमिन जी आपोआप बदलणारी वेळ टाकतात ती तुमच्या फोनच्या वेळेनुसार दिसते, म्हणून पोस्टरपेक्षा तिच्यावर विश्वास ठेवा.

चेक-इन ही वेगळी पायरी आहे. नाव नोंदवलं म्हणजे झालं असं नाही. सामन्याआधी, बहुधा अर्धा ते एक तास, चेक-इनचं बटण उघडतं आणि ठरल्या वेळेला बंद होतं. ते दाबलं नाही तर ब्रॅकेटमध्ये, म्हणजे सामन्यांच्या तक्त्यात, तुमचं नावच येत नाही. एकापेक्षा जास्त ओपन क्वालिफायर असतील तर पहिल्यात हरल्यावर दुसऱ्यात पुन्हा नाव टाकता येतं का, तेही पाहून ठेवा. पुष्कळदा येतं, आणि पुष्कळ जण विचारतच नाहीत.

लाइट, नेट आणि अर्धवट तुटलेला सामना

पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बहुतेक इन्व्हर्टरवर दोन मोड असतात. साध्या मोडमध्ये लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला जो क्षण जातो, तेवढ्यात संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. तो यूपीएस मोडवर ठेवा आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी मेन स्विच पाडून खात्री करा. संगणक टिकला तरी राउटर आणि फायबरचा डबा वेगळ्या सॉकेटवर असतो. त्यांच्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना दोन्ही अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचा, फायबरचा डबा काही ठिकाणी वेगळ्या व्होल्टचा असतो.

दुसरा आधार म्हणून मोबाइल डेटा ठेवा, पण घरच्या फायबरपेक्षा वेगळ्या कंपनीचा, आणि वायफाय हॉटस्पॉटऐवजी यूएसबी केबलनं जोडलेला. खेळायला तासाला फार डेटा लागत नाही. डेटा खातं ते अपडेट. गेमचा नवा पॅच आदल्या दिवशीच उतरवून घ्या. चेक-इनच्या वेळेला काही जीबीचं अपडेट सुरू झालं, तर निपाणीतल्या नेटवर ते सामन्याआधी संपणार नाही.

एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये सगळ्यांच्या संगणकांवर खेळ पावलाला पाऊल जुळवून चालतो, त्यामुळे एकाचा संगणक रेंगाळला की समोरच्याचाही खेळ रेंगाळतो. म्हणून जुन्या संगणकाची तक्रार प्रतिस्पर्धी करतो आणि ती रास्तही असते. ग्राफिक्स कमी करा, पाठीमागचे ब्राउझर बंद करा, दोनशे लोकसंख्येच्या, म्हणजे पूर्ण भरलेल्या सैन्याच्या, लढाईची आधीच चाचणी घ्या.

कनेक्शन तुटलं तर पहिल्या मिनिटात काय करायचं ते पाठ असू द्या. डोटा २ मध्ये सहकाऱ्याला पॉज मागा. स्टारक्राफ्ट २ मध्ये रीप्लेमधून सामना त्या क्षणापासून पुन्हा चालू करता येतो. एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये रेकॉर्ड केलेल्या खेळातून पूर्वस्थिती आणता येते, म्हणून ती फाइल दोन्ही खेळाडूंनी जपायची. एकदा नवा सामना सुरू केलात किंवा चॅटमध्ये हार मान्य केलीत, की ॲडमिनही काही करू शकत नाही. आधी ॲडमिनला संदेश, मग बाकी सगळं. प्रत्येक सामन्याच्या निकालाचा स्क्रीनशॉट ठेवा.

एकाच घरातले दोघे भाऊ किंवा टिळकवाडीतल्या एकाच गेमिंग कॅफेतले चौघे स्पर्धेत असतील, तर सगळ्यांचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवरची ओळख, सारखी दिसते आणि एकच माणूस अनेक खात्यांवर खेळतोय असा संशय येतो. सुरू होण्याआधी ॲडमिनला लिहून कळवा. नंतर दिलेलं स्पष्टीकरण बहाण्यासारखं वाटतं.

बक्षिसाचा आकडा आणि हातात येणारे पैसे

बक्षिसाचा मोठा आकडा पाहून डोळे दिपतात. द इंटरनॅशनलचं बक्षीस २०२१ मध्ये ४ कोटी डॉलरच्या वर गेलं होतं, कारण खेळाडू विकत घेत तो बॅटल पास, त्याच्या विक्रीतला २५ टक्के वाटा त्यात जमा होत असे. ती पद्धत बदलल्यावर २०२३ मध्ये तेच बक्षीस ३० लाख डॉलरच्या आसपास उतरलं. एकाच स्पर्धेची ही गत, मग लहान स्पर्धांच्या आकड्यावर वर्षभराचे बेत आखणं धोक्याचं. जिथे रक्कम प्रेक्षकांच्या वर्गणीतून वाढते तिथे हमी असलेली मूळ रक्कम किती, एवढंच धरा.

मग वाटणी वाचा. समजा ५,००० डॉलरची स्पर्धा आहे आणि पाचव्या ते आठव्या क्रमांकाला १० टक्के लिहिलंय. हे चौघांत मिळून आहे की प्रत्येकाला? मिळून असेल तर संघाला १२५ डॉलर, आणि पाच जणांत प्रत्येकी २५. त्यात आंतरराष्ट्रीय बँक हस्तांतराचा खर्च गेला की वाटायला काय राहतं याचा विचार करा. कोच आणि संघटनेचा वाटा किती, हे जिंकण्याआधी लेखी ठरवा. जिंकल्यावर मैत्रीत पैशाची बोलणी अवघड होतात.

पैसे कॅप्टनच्या खात्यावर एकदम घेणं सोपं वाटतं, पण मग सगळी रक्कम त्याच्या पॅनवर उत्पन्न म्हणून दिसते आणि कराचं ओझं त्याच्या घरी येतं. संयोजक तयार असेल तर प्रत्येकाच्या खात्यावर वेगळे पैसे मागा. तयार नसेल तर कुणाला किती दिले याची बँकेतून नोंद राहू द्या, रोख देऊ नका.

आता खातं. आपल्याकडे बऱ्याच घरांची खाती सहकारी बँकेत किंवा सोसायटीत असतात. तिथे परदेशातून थेट पैसे येण्याची सोय बहुधा नसते. राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत स्वतःच्या नावाचं खातं आधीच उघडा. आयएफएससी कोड परदेशातल्या बँकेला चालत नाही, स्विफ्ट कोड लागतो, आणि तो प्रत्येक शाखेला नसतो. परदेशी व्यवहार बँकेची कोणती शाखा पाहते ते विचारून तिचाच कोड घ्या. पैसे आल्यावर बँक कारण विचारते. तेव्हा रूलबुक, निकालाचं पान आणि संयोजकाचा ईमेल छापून तयार ठेवा.

सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. मराठी शाळेच्या दाखल्यात आडनाव आधी आणि वडिलांचं नाव पूर्ण, कर्नाटकातल्या दुसऱ्या कागदावर वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर, आणि कन्नडमधून इंग्रजीत आलेलं स्पेलिंग तिसरंच. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, त्यामुळे जुन्या कागदांवर पत्त्यात बेलगाम आणि नव्यांवर बेळगावी असतं. पत्त्यातला हा फरक बहुतेक ठिकाणी समजावता येतो. नावातला फरक मात्र पैसे अडकवतो. आधार, पॅन, पासपोर्ट, बँक आणि स्पर्धेची नोंदणी, पाचही ठिकाणी नावाची अक्षरं तंतोतंत एक करून घ्या. याला महिने लागतात, म्हणून जिंकायची वाट पाहू नका.

भारतातल्या संयोजकाकडून बक्षीस मिळताना खेळांच्या बक्षिसाच्या नियमानं ३० टक्के कर आधीच कापला जाऊ शकतो. या दरात उत्पन्नाची मूळ सूट लागत नाही, म्हणजे विद्यार्थ्याचं दुसरं काही उत्पन्न नसलं तरी ती रक्कम आपोआप परत येत नाही. कर कापल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या आणि आयकर पोर्टलवर एआयएसमध्ये (वार्षिक माहिती पत्रकात) तो दिसतो का तपासा. परदेशात कर कापला असेल तर त्याचा पुरावा जपा आणि विवरणपत्र भरताना सीएला दाखवा.

पैसे दोन-तीन महिन्यांनी येणं या क्षेत्रात सर्रास आहे. मुदत रूलबुकमध्ये लिहिलेली असेल तरच पाठपुरावा करता येतो, म्हणून खेळण्याआधी ते पान साठवून ठेवा. नंतर पान बदलतं किंवा नाहीसं होतं.

लॅन फायनल

लॅन फायनल म्हणजे सगळे एकाच ठिकाणी जमून खेळतात ती. ती परदेशात असेल तर पासपोर्ट आधी काढलेला हवा. युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट तीन महिने वैध हवा आणि विमा ३० हजार युरोचा. आपली सवय पुण्या-मुंबईला जायची असली तरी आपला पत्ता कर्नाटकातला आहे. त्या देशाचा दूतावास पत्त्यानुसार केंद्र ठरवतो का, हे बघूनच तारीख घ्या. निमंत्रणपत्रात पासपोर्टवरचंच नाव आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहून मागा.

गावात स्पर्धा भरवणाऱ्यांनी

गणपतीत किंवा कॉलेजच्या कार्यक्रमात प्रवेश फी गोळा करून त्यातूनच बक्षीस द्यायची पद्धत आता सोडा. ऑनलाइन गेमिंगबद्दलच्या २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. ई-स्पोर्ट्सना त्यात वेगळं स्थान आहे, पण मान्यता आणि नोंदणीच्या अटींसह, आणि तिथली फी फक्त प्रवेशासाठी किंवा आयोजनाच्या खर्चासाठी असू शकते. बक्षीस प्रायोजकाकडून घ्या, त्याची पावती ठेवा, फीचा हिशेब वेगळा ठेवा, प्रेक्षकांना पैजा लावू देऊ नका आणि पोस्टर छापण्याआधी वकिलाला दाखवा.

खोटं निमंत्रण

डिस्कॉर्डवर ओळखीच्याच नावानं संदेश येतो: आमच्या संघाला मत दे, किंवा तुला क्वालिफायरमध्ये थेट जागा आहे, इथे स्टीमनं (गेम विकत घ्यायच्या सेवेच्या खात्यानं) लॉगिन कर. ते पान हुबेहूब असतं आणि खातं जातं. कोणतंही निमंत्रण संयोजकाच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः जाऊन पडताळा, आलेल्या लिंकवरून नाही. बक्षीस सोडवण्यासाठी आधी फी भरा असं सांगणारा चोरच असतो, खरा संयोजक कर किंवा खर्च बक्षिसातूनच वळता करतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. व्यवहाराचा क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट जवळ घेऊनच फोन लावा. स्टीमचं खातं गेलं असेल तर पासवर्ड बदलण्याबरोबर सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा आणि खात्यात नकळत तयार झालेली एपीआय की (दुसऱ्या प्रोग्रामला खात्यात शिरू देणारी किल्ली) असेल तर ती रद्द करा.