खाऱ्या पाण्याच्या मोठ्या टाकीसाठी मोकळं पोहणारे मासे कसे निवडाल?

दुकानात निळ्या टँगचं (खाऱ्या पाण्यातला एक चपटा मासा) बोटभर पिल्लू दिसलं की मोह आवरत नाही. पण तेच पिल्लू पूर्ण वाढलं की ३० सेंटीमीटरपर्यंत जातं. माझा पहिला टँग मी चार फुटी टाकीत ठेवला होता. तो दिवसभर एकाच काचेला लागून वरखाली करायचा आणि मला वाटायचं, खेळतोय. त्याला जागा पुरत नव्हती, हे कळायला फार उशीर झाला. म्हणून मासा बघायला जाण्याआधी टेप हातात घ्या.

१. आधी लांबी मोजा, लिटर नंतर. ६×२×२ फुटांच्या टाकीत साधारण ६८० लिटर पाणी मावतं. तेवढंच पाणी उंच, चौकोनी टाकीतही मावेल, पण या माशांना सरळ लांब पल्ला हवा असतो. नुसत्या खाऱ्या पाण्याचंच वजन जवळपास ७०० किलो होतं, तेव्हा वरच्या मजल्यावर राहत असाल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

२. खडक कमी ठेवा. मागच्या काचेला भिंत रचू नका. दोन सुटे ढीग करा, म्हणजे माशांना त्यांच्याभोवती फिरता येईल आणि रात्री कपारीत शिरता येईल. खडक सिरॅमिकचेच घ्या. समुद्रातून काढलेले खडक बहुधा प्रवाळाचेच असतात; आपल्याकडे प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे.

३. आता मासे. सहा फुटी टाकीसाठी मी पिवळा टँग घेईन. तो २० सेंटीमीटरच्या आसपास थांबतो, दिवसभर शेवाळ खरवडतो आणि नोरीही (वाळवलेलं समुद्री शेवाळ) आवडीने खातो. हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटने २०१५ मध्ये तो पहिल्यांदा प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. मिळत असेल तर असा टाकीत जन्मलेलाच मागा. निळा टँग आठ फुटी टाकीसाठी राखून ठेवा. ४५ सेंटीमीटरपर्यंत जाणारा नासो टँग त्याहून मोठ्या टाकीसाठी. मूरिश आयडॉल कितीही देखणा असला तरी घेऊ नका; बहुतेक वेळा तो टाकीत खाणं सोडतो आणि झुरून मरतो.

थव्यासाठी लायरटेल अँथियस नावाचे छोटे मासे घ्या: एक नर, चार-पाच माद्या. हे सगळे जन्मतः मादीच असतात. नर मेला तर थव्यातली सर्वांत दांडगी मादी काही आठवड्यांत नर होते, आणि हा बदल घरात बसून पाहायला मिळणं मला आजही विलक्षण वाटतं. मात्र त्यांना दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) द्यावं लागतं. तेवढा वेळ नसेल तर अँथियस घेऊ नका. हिरवे क्रोमिस स्वस्त असतात, पण छोट्या थव्यात एकमेकांना छळून बऱ्याचदा एक-दोनच उरतात.

४. दुकानदाराला तुमच्यासमोर माशाला खाऊ घालायला सांगा. पोट आत गेलेलं, कल्ले भराभर हलणारे किंवा अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके असलेला मासा तिथेच सोडा.

५. नवा मासा किमान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. ही पायरी गाळू नका. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी मुख्य टाकीत शिरला, तर सगळे मासे बाहेर काढून ती सुमारे अडीच महिने माशांविना चालवावी लागते. या परजीवीवरचं तांब्याचं औषधही या वेगळ्या टाकीतच वापरा.

६. अँथियस आधी सोडा, टँग सगळ्यांत शेवटी. आधी आलेला टँग सगळी टाकी आपलीच समजतो आणि नंतर येणाऱ्यांवर शेपटीजवळचा काटा चालवतो. वर बारीक जाळीचं झाकण हवंच, कारण घाबरलेला मासा सहज बाहेर उडी मारतो. पाणी २५-२६ अंशांवर ठेवायला उन्हाळ्यात चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागेल. सतत पोहणाऱ्या माशांना प्राणवायू जास्त लागतो आणि गरम पाण्यात तो कमी विरघळतो, म्हणून वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअरपंप मासे आणण्याआधीच घेऊन ठेवा.