रेशमावर लाकडाच्या रेषा : मोकुमे शिबोरीचा स्टोल

रेशमी स्टोल रंगवायचा म्हटलं की हात आधी रंगाच्या डबीकडे जातो. ती बाजूला ठेवा आणि सुईदोरा घ्या. शिबोरीत, म्हणजे कापड आवळून रंगवण्याच्या जपानी पद्धतीत, रंग चढवायला तास-दीड तास पुरतो. तो कुठे चढू द्यायचा नाही याची तजवीज करण्यात मात्र दोन-तीन संध्याकाळी जातात. ‘शिबोरु’ या जपानी क्रियापदाचा अर्थच पिळणं, आवळणं.

आवळण्याच्या तऱ्हा पुष्कळ. खांबाला कापड गुंडाळून दोऱ्याने करकचून चेपलं की तिरक्या पावसासारख्या रेघा उमटतात; ती अराशी, म्हणजे वादळ. घड्या घालून फळ्यांमध्ये दाबली तर इताजिमे. चिमटी-चिमटीने बांधत गेलं तर कानोको, पाडसाच्या अंगावरच्या ठिपक्यांसारखी. नागोयाचं आरिमात्सु १६०८ साली वसलं आणि सुती शिबोरीसाठी नावाजलं. रेशमी कानोको क्योतोची. पहिल्या खेपेला मी मोकुमे सुचवेन. मोकुमे म्हणजे लाकडाच्या अंगावरच्या रेषा. धावदोरा घालता येत असेल तर अवजारं जवळपास लागतच नाहीत.

पांढरं, साधं हाबोताई रेशीम घ्या, ८ मोमेचं. मोमे हे रेशमाच्या वजनाचं जपानी माप. एक मोमे म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४.३४ ग्रॅम. ४५ बाय १८० सेंटीमीटरचा स्टोल जेमतेम २८ ग्रॅम भरतो. हा आकडा लिहून ठेवा, रंगाचा हिशेब त्यावरच आहे. कडा आधी दुमडून शिवून घ्या आणि सौम्य साबणाने कापड धुऊन टाका.

आता टाके. दोन्ही टोकांना ३०-३० सेंटीमीटर पट्टा धरा आणि पुसट खडूने रुंदीभर, एकेक सेंटीमीटरवर ओळी आखा. दोरा पॉलिएस्टरचा, दुहेरी. सुती दोरा ओढताना हमखास तुटतो. सुरुवातीला जाड गाठ, मग पाच-सहा मिलिमीटरचा धावदोरा, शेवटी बोटभर दोरा मोकळा. शेजारच्या दोन ओळींतले टाके एकमेकांखाली येऊ देऊ नका. नीटनेटकेपणाची सवय असलेल्यांना हे जड जातं, पण टाके एका रांगेत आले की लाकूड दिसत नाही, नुसत्या चुण्या दिसतात. सगळ्या ओळी घालून झाल्याशिवाय एकही दोरा ओढायचा नाही.

मग कापड ओलं करा आणि एकेक ओळ ओढा. कापड गोळा होत होत अंगठ्याएवढं जाड, कडक होतं. चुण्यांमध्ये नख शिरता कामा नये. शिरलं तर तिथे रंगही शिरेल. दोरा ताणून धरा, कापडाला भिडवून दोन-तीन गाठी मारा.

बांधलेलं कापड अर्धा तास कोमट पाण्यात बुडवून ठेवा. आतल्या घड्या पाण्याने भरलेल्या असल्या की रंगाला आत घुसायला वाव कमी मिळतो.

रेशीम प्राणिज तंतू, म्हणून ॲसिड डाय, म्हणजे व्हिनेगरसारख्या आंबटाच्या मदतीने चढणारा रंग, वापरायचा; इथे निळा धरू. मध्यम छटेसाठी कापडाच्या वजनाच्या एक टक्का, म्हणजे २८ ग्रॅमला ०.२८ ग्रॅम. एवढं कुठे तोलत बसणार? एक ग्रॅम पूड १०० मिलिलिटर गरम पाण्यात विरघळवा आणि त्यातले २८ मिलिलिटर घ्या. पूड हाताळताना मास्क आणि हातमोजे हवेत, आणि रंगाचं पातेलं पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचं नाही.

स्टीलच्या मोठ्या पातेल्यात कापड तरंगेल इतकं कोमट पाणी घेऊन रंग मिसळा, कापड सोडा आणि हलवत हलवत आच वाढवा. पंधरा मिनिटांनी कापड बाहेर काढून अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला, मग पुन्हा सोडा. ८५ अंशांपर्यंत नेऊन अर्धा तास ठेवा. उकळी फुटू देऊ नका, रेशमाची झळाळी जाते. चमच्यात पाणी घेऊन पाहा: सुरुवातीचं गडद निळं पाणी फिकट होत होत जवळजवळ नितळ झालं, की रंग कापडात गेला. त्याच पाण्यात निवू द्या आणि मग खळबळून घ्या.

आता खरी परीक्षा. कापड सावलीत पूर्ण वाळेपर्यंत टाके उसवायचे नाहीत. माझा पहिला स्टोल मी ओला असतानाच घाईने उसवायला घेतला: कात्री गाठीऐवजी रेशमात शिरली, भोक पडलं, आणि ओल्या कापडात चुण्याही टिकल्या नाहीत. बारीक टोकाची कात्री घ्या, गाठ वर उचला, फक्त दोरा कापा. मग दोन्ही बाजूंनी हलकेच ताणा. टाके पटपट निसटतात आणि निळ्यातून पांढऱ्या उभ्या रेषा उलगडतात, कुठे दाट, कुठे विरळ.

पहिल्याच खेपेला मनासारखं उतरलं नाही तर जपानी वस्त्र-कलाकार इचिकु कुबोता आठवा. विसाव्या वर्षी टोकियोच्या संग्रहालयात त्यांनी त्सुजिगाहाना या जुन्या शिबोरीचा एक तुकडा पाहिला. त्या धर्तीवरचे स्वतःचे किमोनो लोकांसमोर मांडले तेव्हा ते साठीचे होते.

इस्त्री मात्र चुकूनही फिरवू नका. वाळलेल्या रेशमात राहिलेल्या चुण्यांमुळेच स्टोल गळ्याभोवती फुलून बसतो. धुताना थंड पाणी आणि सौम्य साबण. धुण्याने चुण्या थोड्या सैलावतात, म्हणून ओला असतानाच लांबीत पीळ देऊन दोराने सैल बांधा आणि तसाच वाळवा. कपाटातही घडी नको, पीळ देऊनच ठेवा.