आरेनालच्या पायथ्याशी कॅमेरा घेऊन जाताना

पावसात फोटो काढायला मी शिकले आंबोलीत. जुलैच्या धुक्यात, खांद्याला छत्रीचा दांडा टेकवून, बेडकांच्या मागे. त्यामुळे मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकात आरेनाल ज्वालामुखीच्या जंगलात जायचं ठरलं तेव्हा वाटलं, हा पाऊस आपल्या ओळखीचा. पाऊस ओळखीचाच निघाला. पण आंबोलीहून दोन दिवसांनी घरी येऊन सामान वाळवता येतं. तिथे सोळा दिवस सगळंच दमट होतं. कुणी त्या बाजूला कॅमेरा घेऊन निघालं असेल, तर मला जे आधी कुणी सांगायला हवं होतं ते इथे सांगते.

पहिलं म्हणजे ठिकाणं कमी करा. दहा दिवसांत सात ठिकाणं बघायचा बेत आखलात तर सातही ठिकाणी ढगच बघून याल. आरेनालजवळच्या ला फोर्तुना गावात मी आठ दिवस राहिले आणि त्यातल्या फक्त तीन सकाळी डोंगर पूर्ण दिसला. डिसेंबर ते एप्रिल हा तिथला कोरडा काळ म्हणतात, पण तो खरा लागू पडतो पॅसिफिकच्या बाजूला. आरेनाल कॅरिबियन वाऱ्यांच्या वाटेवर आहे, तिथे तेव्हाही सरी येतात. बेडूक हवे असतील तर मे महिन्यानंतर जा. डोंगर हवा असेल तर फेब्रुवारी-मार्च त्यातल्या त्यात बरे.

आरेनालची उंची सुमारे 1,670 मीटर, आकार अगदी शंकूसारखा. खोली घेताना तिच्या दारातून डोंगर दिसतो का, एवढंच विचारा. बाकी सोयी दुय्यम. पहाटे पाचला उठून दारातच ट्रायपॉड लावा. हा देश विषुववृत्तापासून जेमतेम दहा अंशांवर, त्यामुळे सूर्य भराभर वर चढतो आणि मऊ उजेड तासाभरात संपतो. बहुतेक दिवशी त्याच सुमारास शिखरावर ढगाची टोपीही बसते. ती बसली म्हणून कॅमेरा आवरू नका. अर्धा डोंगर आणि त्यावर सरकता ढग, हा फोटो स्वच्छ डोंगरापेक्षा मला जास्त खरा वाटतो. लेन्स 70-200 ची, म्हणजे दूरचं जवळ आणणारी, लावा. वाइड लेन्सने डोंगर बुटका होतो आणि कुरणच फार दिसतं.

रात्री लाल लाव्हा दिसेल या आशेने मात्र जाऊ नका. जाहिरातींत अजून ते फोटो असतात, पण 2010 पासून आरेनाल शांत आहे. त्याआधी बेचाळीस वर्षं तो सतत जागा होता. 29 जुलै 1968 ला तो फुटला तोवर आसपासच्या लोकांच्या लेखी तो साधा डोंगर होता. तीन वस्त्या गाडल्या गेल्या, 87 माणसं गेली. हे माहीत असलं की पायथ्याच्या हॉटेलांतले गरम पाण्याचे तलाव आणि त्यांच्या मागचा तो सुबक शंकू एका चौकटीत घेताना हात जरा थांबतो. माझा थांबला.

राष्ट्रीय उद्यानातली एक पायवाट 1992 च्या लाव्हाप्रवाहावर जाते. तिला किमान तीन तास द्या आणि अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी मॅक्रो लेन्स बरोबर ठेवा. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण सुमारे साडेसहा कोटी वर्षं जुना. आपल्याकडच्या कातळात वायूच्या बुडबुड्यांची जी भोकं राहिली, ती पुढे पांढऱ्या खनिजांनी भरली. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापला की ते पांढरे ठिपके चमकताना दिसतात. आरेनालच्या दगडातली भोकं रिकामी होती. मी करंगळीचं टोक एकात घालून पाहिलं, कडा अजून धारदार. शेजारच्या भोकात चिमूटभर माती साठली होती आणि तिच्यात नखाएवढं नेचं उगवलं होतं. त्या एका भोकासमोर मी पाऊण तास होते. लेन्सचं छिद्र बारीक, एफ 11, म्हणजे पुढचं-मागचं सगळं स्पष्ट येतं, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, आणि बाजूने येणारा उजेड मिळेल अशा बेतानं सकाळची वेळ. डोंगराच्या सगळ्या फोटोंपेक्षा मला हाच जवळचा आहे.

आता जंगलाच्या आतलं. आत इतका अंधार असतो की भर दुपारी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता, 3200 वर न्यावी लागते. आयएसओ वाढवायला घाबरू नका. फोटोत थोडे दाणे आलेले चालतात, हललेलं माकड चालत नाही. पोलरायझर फिल्टर घ्याच. ओल्या पानांवरची पांढरी चकाकी त्याने जाते आणि खालचा हिरवा रंग वर येतो. तो उजेड थोडा खातो, ते सोसायचं. रखरखीत उन्हात जंगलाचा फोटो काढूच नये असं माझं स्पष्ट मत आहे: अर्धा भाग काळाठिक्कर, अर्धा पांढराफटक. सर येऊन गेली की जी उघडीप मिळते, ढग असतात पण पाऊस नसतो, ती वीस मिनिटं सोन्याची. तेव्हा जेवत बसू नका. पावसाच्याच रेघा टिपायच्या असतील तर मागे गर्द सावली निवडा आणि शटर सेकंदाच्या साठाव्या भागाच्या आसपास ठेवा.

पहिल्या दिवशी स्थानिक गाइड कराच. झाडाच्या शेंड्यावर पानांचा गोळा समजून मी ज्याच्याकडे पाठ फिरवली होती, तो स्लॉथ होता, झाडावरच राहणारा अतिशय संथ प्राणी. आणि कशावरही न बघता हात टेकवू नका. डोळ्यांवर पापणीच्या केसांसारखे खवले असलेले छोटे पिवळे विषारी साप फांदीवरच वेटोळं करून असतात. गमबूट बहुतेक लॉजवर मिळतात.

लाल डोळ्यांचा झाडबेडूक सगळ्यांनाच हवा असतो. दिवसा तो पानाच्या खालच्या अंगाला चिकटून झोपतो, पाय पोटाशी घेऊन, म्हणजे निळ्या कुशी आणि केशरी बोटं झाकली जातात आणि उरतो नुसता हिरवा ठिपका. बहुतेक जण त्याला उठवतात. तसं करू नका. दुपारीच पान हेरून ठेवा आणि तिन्हीसांजेला परत या. मी तसंच केलं. आधी त्याने पाय जरासा सैल केला. मग डोळ्यावरची पापणी दिसली. ती नुसतं कातडं नसते, तिच्यावर सोनेरी जाळी असते, जरीच्या विणीसारखी. त्या जाळीमागून लाल रंग हळूहळू वर आला. फ्लॅश लावायची परवानगी प्रत्येक ठिकाणी आधी विचारा. असेल तर फ्लॅशवर ट्रेसिंग पेपरचे दोन पदर लावा, ताकद अगदी कमी ठेवा आणि तीन-चार फोटोंत आटपा. त्या रात्री माझे चारच निघाले, त्यातला एक जमला.

सामानाबद्दल कळकळीने सांगते, कारण आंबोलीच्या एका मोसमानंतर माझ्या लेन्समध्ये बुरशी शिरली होती आणि ती कधीच पूर्ण गेली नाही. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा न्या, त्यात सिलिका जेल ठेवा. केशरी रंगाचं घ्या. ओलावा पिऊन ते हिरवं झालं की बदलायचं. म्हणून दोन संच हवेत. दुसरा शत्रू एसी. थंड खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की लेन्सवर आणि आतही दव धरतं, आणि नेमकी तेव्हाच डोंगरावरची उघडीप निघून जाते. मी खोलीतला एसी बंदच ठेवला. गाडीत ते जमलं नाही, तेव्हा कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करून नेला आणि उतरल्यावर अर्ध्या तासाने पिशवी उघडली. बॅगेला पावसाचं कव्हर असतंच, पण आतही जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला. सुती टॉवेल चार न्या, एक कधीच वाळत नाही. ड्रोन घरी ठेवा, राष्ट्रीय उद्यानांत त्याला मनाई आहे.

तेनोरिओ ज्वालामुखीच्या उद्यानातली रिओ सेलेस्ते नदी एक दिवस काढून बघावी. पायवाटेच्या शेवटी दोन नितळ ओढे एकत्र येतात आणि मिळाल्या क्षणी पाणी आकाशी निळं होतं. पाण्यात रंग नसतोच. एका ओढ्यात ॲल्युमिनियम आणि सिलिकाचे बारीक कण असतात, दुसऱ्याचं पाणी आम्लधर्मी. दोन्ही मिसळले की कण मोठे होतात आणि निळा उजेड विखुरतात. जोरदार पाऊस झाल्यावर मात्र नदी गढूळ होते, तेव्हा आदल्या रात्रीचा पाऊस बघून निघा. नंतर संगणकावर निळा रंग वाढवू नका, तो मुळातच एवढा आहे की कुणाचा विश्वास बसत नाही.

शेवटचे चार दिवस मी मोंतेव्हेर्देच्या ढगातल्या जंगलात होते. आरेनालच्या तळ्यातून होडीने पलीकडे जाऊन पुढे गाडीने वर चढतात. तिथल्याच डोंगरमाथ्यावर, जगात दुसरीकडे कुठेही नसलेला, सोनेरी टोड, म्हणजे बेडकाचाच एक प्रकार, राहायचा. 1989 नंतर तो कुणालाही दिसलेला नाही. बेडकांना मारणारी एक बुरशी जगभर पसरली आहे आणि ती चिखलाच्या बुटांवरूनही प्रवास करते. म्हणून एका जंगलातून दुसऱ्यात जाताना बूट आणि ट्रायपॉडचे पाय ब्रशने घासून, धुऊन, कडकडीत वाळवायचे. बेडकाला हात लावायचा नाही, फोटोसाठी त्याला उचलून दुसऱ्या पानावर ठेवायचं नाही, आणि गाइड तसं करू लागला तर नम्रपणे नको म्हणायचं.

आंबोलीतही असाच एक टोड आहे. तो फक्त त्या टापूतच सापडतो, आणि शास्त्राला तो स्वतंत्र जात म्हणून कळला 2009 मध्ये. परत आल्यावर पहिल्या पावसाला मी तिथे गेले, गमबूट घरून धुऊन, वाळवून नेले. कातळावरच्या खळग्यात बोटभर पाणी साठलं होतं आणि काठाला नर बसून ओरडत होता. पाण्यात पाय न घालता मी ओल्या दगडावर पोटावर आडवी झाले, एक फोटो घेतला आणि बॅटरी विझवून ऐकत राहिले.