बेटे कमी, बोटी नीट: ग्रीसच्या बेटांवरील सुट्टीचे नियोजन

ग्रीसच्या समुद्रात लहानमोठी मिळून सहा हजारांच्या आसपास बेटे आहेत आणि त्यांपैकी २२७ बेटांवर वस्ती आहे. हे आकडे वाचले की मन हावरट होते आणि आठ दिवसांच्या सुट्टीसाठी सॅन्टोरिनी, मिकोनोस, क्रीट आणि कॉर्फू अशी चार नावे कागदावर उतरतात. नकाशावर एका बेटावरून दुसऱ्या बेटावर बोट फिरवायला क्षणही लागत नाही. पाण्यातली बोट मात्र ठरलेल्या मार्गानेच जाते, आणि कित्येकदा तसा मार्गच नसतो. कॉर्फू, केफालोनिया, झाकिन्थोस ही आयोनियन बेटे ग्रीसच्या पश्चिमेला आहेत, तर सॅन्टोरिनी, पारोस, नॅक्सोस ही सायक्लेडीज समूहातील बेटे पूर्वेकडच्या एजियन समुद्रात आहेत. मध्ये ग्रीसची सगळी मुख्यभूमी आडवी पडली आहे, त्यामुळे या दोन समूहांमध्ये थेट बोट नाही. म्हणून पहिला निर्णय बेटांचा नव्हे, समूहाचा घ्यावा.

समूह ठरला की त्यातला जहाजांचा मार्ग पाहावा, कारण ही जहाजे आगगाडीसारखी एकामागून एक थांबे घेत जातात. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून निघणारा सर्वांत वर्दळीचा मार्ग पारोस आणि नॅक्सोस करत सॅन्टोरिनीला पोहोचतो. दुसरा मार्ग किथनोस, सेरिफोस, सिफनोस आणि मिलोस या पश्चिम सायक्लेडीजचा आहे. आंद्रोस, तिनोस आणि मिकोनोससाठी विमानतळाला जवळ असलेले राफिना बंदर बहुधा सोयीचे पडते, तर पॅटमॉस, कोस, ऱ्होड्स या दूरच्या बेटांकडे जाणारे जहाज रात्रभर चालते. एकाच मार्गावरची लागोपाठची बेटे निवडली की प्रवास सुटसुटीत होतो. आठवड्याला दोन बेटे आणि दहा दिवसांना तीन, यापलीकडे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण बेट बदलणे म्हणजे खोली सोडणे, बंदरावर ताटकळणे, समुद्रप्रवास आणि नवी खोली शोधणे, आणि यात अर्धा दिवस सहज जातो.

सॅन्टोरिनी वगळावे असे मी म्हणणार नाही, पण तेथे दोन रात्री पुरतात. ओइया गावातला सूर्यास्त पाहण्यासाठी उसळणाऱ्या गर्दीत उभे राहण्यापेक्षा फिरा या मुख्य गावापासून ओइयापर्यंतची, ज्वालामुखीच्या कड्यावरून जाणारी सुमारे दहा किलोमीटरची पायवाट सकाळी लवकर चालावी. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटात राखेखाली गाडले गेलेले आक्रोतिरी हे नगर मात्र चुकवू नये. १९६७ पासून तेथे उत्खनन होत आहे आणि वर छप्पर असल्यामुळे भर दुपारीही ते पाहता येते. उरलेले दिवस नॅक्सोसला द्यावेत. सायक्लेडीजमधले हे सर्वांत मोठे बेट आहे, येथे शेती आहे, स्वतःचे बटाटे आणि चीज आहे, आपिरान्थोससारखी संगमरवरी गल्ल्यांची डोंगरी गावे आहेत. येथून कूफोनिसिया, स्किनूसा, इराक्लिया या चिमुकल्या बेटांकडे लहान बोटही जाते.

तिकीट काढताना नावांचा घोळ होतो, तो आधीच समजून घ्यावा. सॅन्टोरिनीचे अधिकृत नाव थिरा असल्यामुळे जहाजावरच्या व बंदरातल्या पाट्यांवर बहुधा तेच दिसते, आणि कॉर्फूला ग्रीक लोक केर्किरा म्हणतात. बेटावर उतरल्यावर ‘होरा’ अशी पाटी जागोजागी दिसते. हे कोणत्या एका गावाचे नाव नाही. बेटावरच्या मुख्य गावाला होरा म्हणण्याची पद्धत आहे, त्यामुळे नॅक्सोसला होरा आहे, सेरिफोसला आहे आणि पॅटमॉसलाही आहे.

आता वाऱ्याविषयी. जुलै आणि ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा कोरडा वारा वाहतो. आकाश निळेभोर असते, ढगाचा टिपूसही नसतो, आणि तरीही समुद्र पांढरा झालेला असतो. बेटावरची माणसे सकाळी पावसाची नव्हे, ‘बोफोर’ची चौकशी करतात, बोफोर म्हणजे वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या ब्युफोर्ट मापातला अंक. हा अंक आठच्या घरात गेला की मोठ्या जहाजांनाही साधारणपणे बंदर सोडण्यास मनाई होते, आणि वेगवान लहान बोटी त्याच्या आधीच थांबतात. पहिल्या प्रवासात मी शेवटची रात्र बेटावर काढून सकाळच्या बोटीने अथेन्सला येण्याचे आणि संध्याकाळचे विमान पकडण्याचे ठरवले होते. सकाळी धक्क्यावर पोहोचलो तेव्हा तिकिटाच्या खिडकीमागच्या गृहस्थांनी मान वर न करता फक्त एक शब्द उच्चारला, ‘आपागोरेफ्तिको’, म्हणजे मनाई. बोट दुसऱ्या दिवशी दुपारी सुटली. बोट रद्द झाल्यास तिकिटाचे पैसे परत मिळतात, पण चुकलेल्या विमानाचे कोणी देत नाही. तेव्हापासून परतीच्या विमानाआधीची रात्र मी अथेन्समध्येच काढतो. ज्यांना बोट लागते त्यांनी वेगवान बोटीच्या मोहात पडू नये. मोठे जहाज नॅक्सोसला पाच-साडेपाच तास आणि सॅन्टोरिनीला आठेक तास घेते, पण त्याचे तिकीट स्वस्त असते, ते कमी डोलते आणि उघड्या डेकवर बसून बेटे जवळ येताना पाहता येतात.

पिरेअस बंदर अवाढव्य आहे. विमानतळावरून मेट्रो आता थेट पिरेअसपर्यंत जाते, मात्र तेथून आपले जहाज कोणत्या क्रमांकाच्या दरवाजाजवळ लागते हे तिकिटावर किंवा संदेशात पाहूनच चालायला लागावे. सायक्लेडीजची बहुतेक जहाजे मेट्रो स्थानकाच्या जवळपास लागतात. क्रीट आणि ऱ्होड्सकडची लांबच्या टोकाला असतात, आणि तेथवर बंदराच्या आवारातली मोफत बस जाते. जहाजात शिरण्याचा रस्ता गाड्या चढवण्याच्या उतारावरूनच असतो. आत सामानाचे लोखंडी कप्पे असतात आणि त्यांवर बेटांची नावे लिहिलेली असतात. आपल्या बेटाच्या कप्प्यातच बॅग ठेवावी, आणि पारपत्र, औषधे व एखादे गरम वस्त्र जवळ ठेवावे, कारण आतले वातानुकूलन कडक असते.

उतरण्याची वेळ मात्र नवख्याची भंबेरी उडवते. बेटाच्या नावाची घोषणा होताच सगळे जिना उतरून खाली गाड्यांच्या तळघरात जमतात. अर्धवट अंधार, डिझेलचा वास, ट्रकांची घरघर, आणि जहाज पूर्ण थांबायच्या आतच साखळ्यांचा खडखडाट करत मागचा दरवाजा खाली येऊ लागतो. फटीतून आधी उन्हाची एक पट्टी दिसते, मग धक्का, मग पाट्या घेऊन उभे असलेले खोल्यांचे मालक. खलाशी हात हलवून पुढे चला म्हणून ओरडतात, कारण लहान बंदरांत जहाज जेमतेम काही मिनिटे थांबते. वर खुर्चीत बसून गर्दी ओसरण्याची वाट पाहणारा माणूस पुढच्या बेटावर पोहोचतो.

जाण्यासाठी मेची अखेर, जून आणि सप्टेंबर हा काळ उत्तम आहे. जूनमध्ये दिवस मोठा पण पाणी अजून गारच, तर सप्टेंबरमध्ये उन्हाळाभर तापलेला समुद्र ऊबदार आणि वाराही नरमलेला असतो. ऑक्टोबरच्या शेवटी लहान बेटांवरची बहुतेक हॉटेले बंद होतात आणि बोटी कमी होतात. ऑगस्टचा पहिला पंधरवडा टाळावा, कारण १५ ऑगस्टला ग्रीक लोक मदर मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण साजरा करतात आणि सगळा देश आपापल्या बेटावर परततो. तिनोसला तर त्या दिवशी बंदरापासून चर्चपर्यंतचा चढ भाविक गुडघ्यांवर चढतात. हे पाहण्याची इच्छा असेल तर जरूर जावे, पण खोली आणि परतीचे तिकीट कित्येक महिने आधी घ्यावे.

वाऱ्याचे ज्ञान समुद्रकिनाऱ्यावरही उपयोगी पडते. मेल्टेमी उत्तरेकडून येतो, त्यामुळे तो जोरात असेल त्या दिवशी उत्तरेकडचे किनारे खवळलेले आणि दक्षिणेकडचे बहुधा शांत असतात. वारा पडला की उत्तरेकडे जावे. मिलोसचा साराकिनिको हा चंद्रावरच्या जमिनीसारखा पांढरा खडकाळ किनारा उत्तरेला आहे, तेव्हा तेथे कोणत्या दिवशी जायचे हे यजमानांना विचारूनच ठरवावे. छत्र्या आणि खाटा भाड्याने घेणे सक्तीचे नाही. २०२४ च्या कायद्यानुसार भाड्याने दिलेल्या किनाऱ्याचा निम्मा भाग मोकळा ठेवावा लागतो आणि पाण्याच्या कडेपासून चार मीटरपर्यंत खाटा मांडता येत नाहीत, त्यामुळे स्वतःचा पंचा अंथरण्याचा हक्क आपल्याला आहे. खडकाळ पाण्यात काटेरी समुद्री साळिंदरे असतात. रबरी जोडे पायात असावेत. किनाऱ्यावरचे गोटे आठवण म्हणून उचलून आणण्यास कायद्याने बंदी आहे.

जेवणाबाबत शाकाहारी प्रवासी उगाच धास्तावतात. ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपवासांमुळे ग्रीसमध्ये बिनमांसाच्या पदार्थांची मोठी परंपरा आहे आणि उपवासाला चालणाऱ्या पदार्थांना ‘निस्तिसिमा’ म्हणतात. ऑगस्टचे पहिले चौदा दिवसही उपवासाचेच असतात. एक सावधगिरी मात्र हवी: या उपवासाला ऑक्टोपस, कोळंबी आणि शिंपले चालतात, त्यामुळे नुसते निस्तिसिमा म्हणून भागत नाही. ऑलिव्हच्या तेलात शिजवलेल्या भाज्यांना ‘लादेरा’ म्हणतात. त्यांत फरसबी असते, बटाटा-वांगी-झुकिनीचे ब्रिआम असते. भरलेल्या टोमॅटो-मिरच्यांना गेमिस्ता म्हणतात, आणि त्यांत खिमा नसेल तर त्यांना ‘ओर्फाना’, म्हणजे पोरकी, असे म्हणतात, हे मला फार आवडते. सिफनोसला शनिवारी रात्री मातीच्या भांड्यात काबुली चणे भरून भट्टीत ठेवतात आणि रविवारी दुपारी ती रेविथादा खातात. सॅन्टोरिनीला टोमॅटोची भजी आणि पिवळ्या डाळीचा घोटलेला फावा मिळतो. पाट्या वाचण्यापेक्षा दुपारी एक-दीडच्या सुमारास साध्या खाणावळीत जाऊन परातीत काय आहे ते दाखवा म्हणावे. कोणी वाईट वाटून घेत नाही. रात्री मात्र नऊच्या आधी गेल्यास रिकाम्या टेबलांमध्ये बसण्याची तयारी ठेवावी.

मासे बहुधा किलोच्या भावाने लावलेले असतात, म्हणून मासा निवडून आपल्यासमोर तोलून घ्यावा आणि आकडा ऐकूनच होकार द्यावा. पावाची टोपली न मागता येते आणि तिचे पैसे लागतात. नको असल्यास लगेच परत करावी. पावती दिली नाही तर ग्राहकावर पैसे देण्याचे बंधन नाही, असे मेन्यूवरच छापलेले असते.

खोलीचे भाडे भरले तरी हॉटेलात वेगळा पर्यावरण शुल्काचा आकडा सांगतात, त्यात फसवणूक नाही. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात एका खोलीमागे दर रात्री एक-दोन तारांकित हॉटेलात २, तीन तारांकितात ५, चार तारांकितात १० आणि पंचतारांकितात १५ युरो असे त्याचे २०२५ पासूनचे दर आहेत. लहान बेटांवर एखादेच एटीएम असते, म्हणून थोडी रोकड बाळगावी. सायक्लेडीजच्या अनेक बेटांवर नळाचे पाणी पिण्यास योग्य नसते, आणि कमोडमध्ये कागद टाकायचा नसतो. शेजारी झाकणाची टोपली त्याचसाठी असते. गाडी भाड्याने घ्यायची असेल तर युरोपीय संघाबाहेरच्या बहुतेक परवान्यांसोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. चारचाकी मोटरसायकल मजेची दिसते, पण अरुंद, वळणावळणाच्या आणि खडी पसरलेल्या रस्त्यांवर ती सहज उलटते. मी तरी लहान मोटार किंवा सार्वजनिक बसच पसंत करतो.

दुपारी तीन ते साडेपाच हा उन्हाळ्यात शांततेचा काळ मानला जातो आणि त्याला कायद्याचाही आधार आहे. त्या वेळी दुकाने बंद असतात, गल्लीत मांजरांखेरीज कोणी नसते. आपणही झोपावे, आणि संध्याकाळी सगळ्यांबरोबर बाहेर पडावे. पाच बोटे पसरून तळहात समोरच्याकडे दाखवणे ही तेथे शिवी समजली जाते, म्हणून ‘पाच’ सांगताना हाताची पाठ पुढे करावी. ‘हो’ला ग्रीक शब्द आहे ‘ने’, आणि ‘नाही’ला ‘ओही’. त्यातून नकार देताना माणसे मान हलवत नाहीत, हनुवटी किंचित वर करून च् असा आवाज काढतात. तेव्हा आजची बोट सुटणार का असे विचारल्यावर खिडकीतून ‘ने’ ऐकू आले, तर निराश होऊन मागे फिरू नये. बॅग उचलून धक्क्याकडे निघावे.