लक्षद्वीपला जहाजाने जायचंय? या चुका टाळा

भुसावळ-जळगावच्या फलाटावर थांबणारी 'मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस' खान्देशात सगळ्यांनाच ठाऊक आहे. तिचं तिकीट काढलं की निम्मं काम झालं, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात ती गाडी एर्नाकुलम जंक्शनला, म्हणजे कोची शहरातच, संपते. तिथून कवरत्ती बेट समुद्रात ४०४ किलोमीटर दूर आहे, आणि परवाना हातात नसेल तर जहाजावर पायही ठेवता येत नाही.

लक्षद्वीप भारतातच असलं तरी बाहेरच्या माणसाला तिथे सहज जाता येत नाही. १९६७ च्या प्रवेश व निवास निर्बंध नियमांनुसार मूळ रहिवासी सोडून इतरांना प्रवेश परवाना लागतो. कामावर असलेले सरकारी अधिकारी, सैन्यदल अशा मोजक्यांना यातून सूट आहे. कारण साधं आहे. सगळी बेटं मिळून जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर, वस्ती दहा बेटांवर, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४ हजारांच्या आसपास आणि त्यातले बहुतेक अनुसूचित जमातीचे. गोडं पाणी म्हणजे वाळूखाली साठलेला पावसाच्या पाण्याचा पातळ थर. तिथे हजारो पर्यटक एकदम उतरले तर काय होईल, हे पाणीटंचाई पाहिलेल्या खान्देशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

'आता बंदी उठली ना?'

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे तिथले फोटो आले आणि व्हॉट्सॲपवर 'लक्षद्वीप खुलं झालं' असे निरोप फिरले. तसं काही झालेलं नाही. विमानं वाढली, गवगवा वाढला, पण परवान्याची अट तशीच राहिली. सरकारी जहाज असो, मुंबईहून सुटणारी खासगी क्रूझ असो की विमान, बेटावर उतरायचं तर परवाना हवाच. खासगी क्रूझमध्ये कंपनी तो काढून देते, त्यामुळे प्रवाशाला तो जाणवत नाही, एवढंच. कंपनीने मागितलेली कागदपत्रं वेळेत पोचली नाहीत, तर बाकीचे बेटावर उतरतात आणि तुम्ही डेकवरून नारळाची झाडं बघत बसता.

आधी रेल्वे, मग परवाना

सगळ्यात जास्त पैसे बुडवणारी चूक हीच. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणून लोक त्या सकाळी आठला बसून जाण्यायेण्याची तिकिटं काढून मोकळे होतात. जहाजाची तारीख मात्र अजून ठरलेली नसते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशातली गत. मग जहाज दोन दिवस पुढे जातं आणि आठ जणांची तिकिटं रद्द करावी लागतात.

क्रम असा ठेवा. आधी पॅकेज आणि जहाजाची तारीख, त्याच सुमारास पोलिसांचा दाखला, मग परवाना, मग जहाजाचं पक्कं तिकीट आणि सर्वांत शेवटी रेल्वे. अगदीच जीव राहत नसेल तर रेल्वेचं आरक्षण करून ठेवा, पण रद्द करावं लागेल हे धरून. परवान्याच्या कागदपत्रांसाठी दीड-दोन महिने हातात ठेवले तर धावपळ होत नाही.

सरकारी पॅकेजं लक्षद्वीप प्रशासनाची 'स्पोर्ट्स' ही संस्था चालवते. नावावरून क्रीडा खातं वाटेल, पण पर्यटन याच संस्थेकडे आहे. 'समुद्रम' हे तिचं जहाजाचं जुनं पॅकेज. एमव्ही कवरत्ती या सुमारे ७०० प्रवाशांच्या जहाजाने पाच दिवसांत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय अशी तीन बेटं दाखवतात. दिवस बेटावर जातो, रात्र जहाजावर. म्हणून 'समुद्रकिनाऱ्यावरचं हॉटेल' डोक्यात ठेवून जाणाऱ्याची निराशा होते. बेटावर मुक्काम हवा असेल तर ते पॅकेज वेगळं असतं, बुकिंगआधीच तसं विचारा.

पोलिसांचा दाखला चुकीच्या दारात मागणं

'पोलीस क्लिअरन्स' म्हटलं की लोक पासपोर्ट सेवा केंद्राकडे वळतात आणि ५०० रुपये भरून येतात. तो दाखला परदेशी जाणाऱ्यांसाठी असतो. इथे लागतो तो आपल्या जिल्ह्याच्या पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांची पोलीस अधीक्षक कार्यालयं वेगवेगळी आहेत आणि अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून करता येतो. अर्जात कारण विचारतात, तिथे 'खासगी काम' असं मोघम न लिहिता 'लक्षद्वीप प्रवेश परवान्यासाठी' असं स्पष्ट लिहा.

अर्ज आपल्या पोलीस ठाण्याकडे येतो. ठाण्यातून फोन येतो, आणि अनोळखी नंबर म्हणून आपण तो उचलत नाही. अर्ज तिथेच पडून राहतो. आठवडाभर काही हालचाल दिसली नाही तर ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि फोटो घेऊन सरळ ठाण्यात जा. आधारवर चोपड्याचा पत्ता आणि राहणं नोकरीच्या निमित्ताने पुण्यात, अशांनी अर्ज कुठल्या हद्दीत करायचा हे आधी विचारून घ्यावं. नाहीतर दोन्हीकडून 'आमच्याकडे नाही' असंच ऐकायला मिळतं.

नावातली एक-दोन अक्षरं

याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि अर्ज अडकतात ते याच्यामुळेच. आपल्याकडे एकच माणूस आधारवर 'राजेंद्र भिका चौधरी', बँकेत 'चौधरी राजेंद्र बी.' आणि रेल्वेच्या तिकिटावर 'राजू चौधरी' असतो. इंग्रजी स्पेलिंगचा घोळ त्याहून मोठा. एका कागदावर चौधरीत 'सी-एच-ए-यू', दुसऱ्यावर 'सी-एच-ओ-यू'. आपल्याला दोन्ही तेच वाटतात, पण कोचीच्या धक्क्यावर यादी तपासणाऱ्या कर्मचाऱ्याला ती दोन वेगळी माणसं दिसतात.

उपाय सोपा आहे. आधार कार्ड समोर ठेवा आणि पोलीस दाखला, परवान्याचा अर्ज, जहाजाचं तिकीट या तिन्हींत नाव त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह टाका. लग्नानंतर नाव बदललेलं असेल पण आधार जुन्याच नावावर असेल, तर तिकीटही जुन्याच नावावर काढा, किंवा दोन महिने आधी आधार दुरुस्त करून घ्या. मधेच बदलू नका. लहान मुलांचंही नाव परवान्यात असावं लागतं. 'कडेवरचं पोर आहे, त्याला कशाला?' हा प्रश्न धक्क्यावर चालत नाही.

अमेरिकेतून सुट्टीला आलेली मुलं-नातवंडं सोबत नेणार असाल तर त्यांचा पासपोर्ट कुठला ते बघा. परदेशी पासपोर्ट असलेल्यांची परवानगी वेगळी असते आणि त्यांना सगळ्या बेटांवर जाता येत नाही. घरातल्या बाकीच्यांचे अर्ज भरण्याआधी हे तपासा. नाहीतर सगळं कुटुंब कल्पेनीला आणि नातू जहाजावर, अशी पाळी येते.

परवाना ठरावीक बेटांचा आणि ठरावीक तारखांचा असतो. हातात पडल्यावर पहिलं काम म्हणजे बेटांची नावं वाचणं. पॅकेज तीन बेटांचं आणि परवान्यात दोनच, असं दिसलं तर कोचीला निघण्याआधी दुरुस्त करून घ्या. त्याच्या दोन-तीन छापील प्रती ठेवा, कारण भर समुद्रात मोबाइलला रेंज नसते.

मे महिन्याची सुट्टी

जळगावात पारा ४४-४५ वर गेला की समुद्राची आठवण येणारच. पण मे महिना अर्धा सरला की अरबी समुद्र खवळायला लागतो, आणि नैऋत्य मोसमी पावसात जहाजाची पर्यटन पॅकेजं बंद असतात. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मेच्या सुरुवातीपर्यंतचा. शाळेच्या सुट्टीतच जायचं असेल तर दिवाळीची सुट्टी धरा. मात्र दिवाळी आणि नाताळ या दोन्ही वेळी जागा लवकर भरतात. जानेवारी-फेब्रुवारीत समुद्र शांत असतो आणि गर्दीही थोडी कमी. केळी-कापसाच्या कामातून मोकळीक मिळत असेल तर तोच काळ उत्तम.

एकही दिवस मोकळा न ठेवणं

सरकारी जहाजं मुळात बेटावरच्या लोकांसाठी आहेत. त्यांचं कोचीचं हॉस्पिटल, कॉलेज, लग्नाची खरेदी, सगळं याच जहाजांवर चालतं. रुग्ण आला, हवामान बिघडलं, इंजिनाचं काम निघालं की वेळापत्रक सरकतं. यावर धक्क्यावर आवाज चढवून उपयोग होत नाही.

म्हणून कोचीला जहाजाच्या आदल्या दिवशी सकाळीच पोचा. मंगला एक्सप्रेसला जळगावहून दीड दिवसाच्या आसपास लागतो. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू असेल तर त्याहून जास्त, आणि ते ऑक्टोबरपर्यंत चालतं. धुळेकरांना जळगाव किंवा मनमाड गाठून हीच गाडी धरता येते. परतीची रेल्वे जहाज लागण्याच्या दिवशीची कधीच घेऊ नका. मधे दोन रात्री ठेवा. जहाज वेळेवर आलं तर फोर्ट कोची आणि मट्टनचेरी बघून होईल.

परतीला विमानाचा पर्याय डोक्यात असू द्या. २०२४ साली फ्लाय ९१ या कंपनीने जळगाव-गोवा आणि गोवा-अगत्ती (लक्षद्वीपचं विमानतळ असलेलं बेट) अशा दोन्ही सेवा सुरू केल्या. सध्याचे वार बघून मगच बेत करा. पण अगत्तीहून उडायचं तर अगत्तीचं नाव परवान्यात हवं, हे विसरू नका.

सूटकेस, साडी आणि लाटेवरची होडी

वयस्कर माणसं सोबत असतील तर हा भाग दोनदा वाचा. बेटांभोवती प्रवाळाची भिंत असते, त्यामुळे मोठं जहाज आतल्या उथळ पाण्यात येऊ शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबतं. जहाजाच्या कुशीतलं एक दार उघडतं, खाली एक लहान होडी येऊन लागते आणि त्या होडीत उतरायचं असतं. होडी स्थिर नसते. लाटेबरोबर कधी दाराच्या पातळीला येते, कधी दोन-तीन फूट खाली जाते.

उतरताना लोक खाली बघत थबकतात आणि होडी खाली जात असताना पाय टाकतात. तिथेच घोटा मुरगळतो. होडी वर येऊन क्षणभर थांबते, तेव्हा खलाशी 'चला' म्हणतो. त्याच वेळी एक पाऊल टाका, उडी नको. खलाशी तुमचं मनगट धरतो, तुम्हीही त्याचं मनगट धरा, नुसती बोटं नकोत. दोन्ही हात मोकळे हवेत. मोबाइल खिशात, पिशवी पाठीवर, लाइफ जॅकेटचे बंद आवळलेले. नऊवारीच काय, पाचवारीही इथे अडचणीची. पंजाबी ड्रेस आणि पायाला घट्ट बसणारी सँडल बरी. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी डॉक्टरांशी बोलूनच हा बेत करावा. चाकाची मोठी सूटकेस जहाजावर आणली तरी ती केबिनमध्येच राहू द्या. बेटावर दिवसापुरती पाठपिशवी पुरते. तिच्यात एक कोरडा कपड्यांचा जोड, टोपी, पाणी, परवाना आणि ओळखपत्र.

खासगी क्रूझमध्येही लहान बोटीनेच उतरवतात. लाट मोठी असेल तर कप्तान उतरणं रद्द करतो आणि तो निर्णय अंतिम असतो. बुकिंगच्या अटींत 'बंदर वगळल्यास परतावा किती' हे आधी वाचा. बहुतेकदा तो अगदी थोडा असतो.

मळमळ सुरू झाल्यावर गोळी

कोची ते बेटं हा प्रवास १४ ते १८ तासांचा. बोट लागण्याची गोळी उलटी सुरू झाल्यावर घेतली तर ती पोटात राहतच नाही. जहाज सुटण्याआधी अर्धा ते एक तास घ्या. या गोळ्यांनी झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. केबिन निवडता येत असेल तर जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्याची घ्या, तिथे हेलकावे कमी. मळमळलं तर केबिनमध्ये पडून मोबाइल बघू नका. डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहा. चढण्याआधी झणझणीत शेवभाजी तर नकोच. दशम्या आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी सोबत असू द्या. शाकाहारी माणसाला त्यांचा आधार होतो, कारण बेटावरचं मुख्य खाणं म्हणजे टूना मासा, भात आणि नारळ, आणि भाजीपाला कोचीहून जहाजानेच येतो.

बॅगेत काय नको

बंगारम सोडून इतर बेटांवर दारूबंदी आहे. खासगी क्रूझवरच्या बारमधली बाटली बेटावर नेणं हा गुन्हाच. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही, घरीच ठेवा. रोख पैसे पुरेसे घ्या, प्रत्येक बेटावर एटीएम चालू मिळेलच असं नाही.

आणि पोरांना आधीच बजावून ठेवा. किनाऱ्यावर पडलेला पांढरा प्रवाळाचा तुकडा 'मेलेलाच आहे' म्हणून खिशात टाकला, तरी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू होतो. समुद्रकाकडी (हा समुद्रतळाशी राहणारा जीव) आणि मोठ्या शिंपल्यांच्या काही जातीही त्यात येतात. परतताना कोचीला सामान तपासलं जातं आणि पिशवीतला तुकडा निघाला तर चौकशी पिशवीच्या मालकाची होते, तो आठ वर्षांच्या मुलाने ठेवलेला असला तरी. जहाजावर चढण्याआधी धक्क्यावरच सगळ्यांचे खिसे आणि पिशव्या झटकून घ्या.