आधी फाइल, मग सिद्धान्त: अमेरिकन कलासंग्रहावर काम करू पाहणाऱ्यांसाठी

अमेरिकेत कलेचा इतिहास शिकायला आलेली आपली मुलं संग्रहालयात इंटर्नशिप मिळाली की आधी वसाहतवादावरची जाडजूड पुस्तकं काढून बसतात. मी म्हणेन, ती आठवडाभर बाजूला ठेवा. एकच चित्र निवडा आणि त्याची ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे त्या चित्राचे संग्रहालयाने जपलेले कागद, मागवा. संग्रहाच्या नोंदी सांभाळणाऱ्या रजिस्ट्रारला आधी मेल करावा लागतो. ऐनवेळी गेलात तर हात हलवत परत याल.

फाइलमध्ये देणगीची पत्रं, जुनी लेबलं, चित्रांची डागडुजी करणाऱ्या कॉन्झर्व्हेटरचे अहवाल, कधी कॅनव्हासच्या पाठीचे फोटो सापडतात. नुसता नोंदणी क्रमांकही कामाचा. न्यूयॉर्कच्या 'मेट'मधल्या (मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या) चित्रकार लॉइत्सेच्या 'वॉशिंग्टन क्रॉसिंग द डेलावेअर'चा क्रमांक ९७.३४ आहे. पहिले आकडे वर्षाचे, म्हणजे ते १८९७ साली संग्रहात आलं. मग कोणी दिलं आणि देणाऱ्याचा पैसा कशातला, हे शोधायला लागायचं.

कागदांतून काय निघू शकतं, ते पाहायचं तर बेलिझेरचं उदाहरण घ्या. १८३७च्या सुमारास न्यू ऑर्लिन्समध्ये फ्रे कुटुंबाच्या तीन मुलांचं चित्र काढलं गेलं. ते जॅक आमां या चित्रकाराचं मानतात. मुलांच्या मागे गुलाम म्हणून राबणारा किशोरवयीन बेलिझेर उभा होता. पुढे कुणीतरी त्याच्यावर रंग फासून त्याला निसर्गात मिसळून टाकलं. चित्र तिथल्या संग्रहालयाच्या गोदामात वर्षानुवर्षं पडून होतं. २००५मध्ये ते विकलं गेलं. नंतरच्या साफसफाईत मुलगा पुन्हा दिसू लागला, पण त्याचं नाव मिळालं ते जुन्या दस्तांमधून. २०२३मध्ये 'मेट'नं चित्र विकत घेतलं. नाव मिळणं हे नशीब समजा. १८५० आणि १८६०च्या जनगणनेच्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव असतं. त्याखाली गुलामांचं बहुतेक ठिकाणी नुसतं वय, लिंग, कातडीचा रंग.

नवखे बहुधा निसर्गचित्रांवर तुटून पडतात. चित्रकार थॉमस कोलचं 'द ऑक्सबो' हे निसर्गचित्र १८३६चं, मूळ रहिवाशांना हुसकावणारा कायदा १८३०चा. चित्रातली जमीन आणि तिथून हुसकावलेली माणसं, दोन्ही शेजारी ठेवले की निबंध तयार. मुद्दा खरा आहे, पण आता फार चघळलेला. त्यापेक्षा संग्रहाच्या कडेला पडलेल्या वस्तू बघा. मॅसेच्युसेट्समधल्या सेलमच्या पीबडी एसेक्स म्युझियममध्ये मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचं व्यक्तिचित्र आहे. अमेरिकन जहाजांशी त्यांचा व्यवहार होता. हे चित्र अमेरिकन कलेत धरायचं की नाही? या प्रश्नावर आपल्याकडच्या विद्यार्थ्याला सांगण्यासारखं बरंच असेल.

शेवटी सगळं लेबलच्या चार ओळींत बसवावं लागतं. वूस्टर आर्ट म्युझियमनं २०१८मध्ये जुन्या व्यक्तिचित्रांशेजारी, त्यातल्या कुणाचा गुलामगिरीशी काय संबंध होता, ते सांगणारी लेबलं लावली. ती जरूर वाचा. त्यांत विशेषणं जवळपास नाहीत. तुमच्या मसुद्यातल्या प्रत्येक वाक्यापुढे क्युरेटर विचारणार, कागद कुठला? म्हणून टिपणं काढतानाच कागद ज्यात ठेवलाय त्या खोक्याचा आणि फोल्डरचा क्रमांक लिहून ठेवा. आणि पेन घरीच राहू द्या, कागद वाचायच्या खोलीत फक्त पेन्सिल चालते.